जुन्या मोटारगाडीतील विद्युत सुधारणा

जुन्या मोटारगाडीच्या मूळ वायरिंगमध्ये मालकाने स्वतः केलेले फेरबदल. हेडलाइटला रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) जोडणे, डायनॅमो (जुन्या पद्धतीचे जनित्र) काढून अल्टरनेटर (नव्या पद्धतीचे जनित्र) बसवणे आणि ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर नेणे, ही त्यांची नेहमीची रूपे.

काम कोणतेही असो, बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे हे आधी पाहावे लागते. साधारणपणे १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असे. याच्या कारणाविषयी मतभेद आहेत. स्पार्क प्लगचे मधले, तापलेले टोक ऋण असल्यास ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते, असे एक मत. ते तत्त्वतः बरोबर आहे. पण इग्निशन कॉइलच्या तारा उलटसुलट करूनही तेच साधते, त्यामुळे त्यासाठी धन अर्थिंगच (धन टोक बॉडीला जोडणेच) हवे असे ठरत नाही. दमट हवेत धन बाजूचे तांबे विद्युत-रासायनिक क्रियेने झिजते, म्हणून तारा ऋण ठेवल्या, हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे वाटते. टेलिफोन एक्सचेंजमध्येही याच कारणाने उणे ४८ व्होल्ट वापरतात. अल्टरनेटरला बॅटरी उलटी जोडली गेली, तर त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तत्काळ जळतात.

हेडलाइटच्या मूळ जोडणीत सगळा प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून जातो. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर घेतो. लांब, बारीक तारा आणि गंजलेली टोके यांत व्होल्टेज १० टक्के घटले, तर हॅलोजन बल्बचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या टोकांवर मल्टिमीटर लावला की ही घट दिसते. ती टाळण्यासाठी रिलेचे ३० क्रमांकाचे टोक फ्यूजमधून बॅटरीला, ८७ बल्बला आणि ८५ व ८६ पैकी एक जुन्या स्विचच्या तारेला, दुसरे अर्थला, म्हणजे बॉडीला, जोडतात. फ्यूज बॅटरीजवळच हवा; बल्बजवळ बसवला तर मधल्या तारेला संरक्षणच राहत नाही.

अल्टरनेटर १९६० च्या क्रायसलर व्हॅलियंटपासून सामान्य गाड्यांत रूढ होऊ लागला. तो इंजिन मंद चालू असतानाही चार्जिंग करतो. मात्र डायनॅमोची जुनी तार आणि अँमीटर (प्रवाहमापक) यांना वाढीव प्रवाह सोसेलच असे नाही.

१२ व्होल्टवर नेताना बल्ब, कॉइल, हॉर्न बदलावे लागतात. ६ व्होल्टचा स्टार्टर थोडा वेळ चालवल्यास बहुधा निभावतो.