भांडवलशाही : पुणे परिसरातील लाभ-हानी

जमीन, यंत्रे आणि पैसा ही उत्पादनाची साधने खासगी मालकीची असतात, काम मजुरीवर चालते, किंमत बाजारात ठरते आणि माल नफ्यासाठी निघतो, अशा अर्थव्यवस्थेस भांडवलशाही म्हणतात. भारतात ती निर्भेळ कधीच नव्हती. सरकार, सहकार आणि जात यांच्या संगतीनेच ती वाढली. पुण्याविषयी लिहिताना बहुतेक जण कारखाने आणि आयटी कंपन्यांपासून सुरुवात करतात. हिशेब खरे तर जमिनीपासून मांडायला हवा. भांडवल गावाच्या वेशीवर आले तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर होता, यावर कोणाच्या पदरात काय पडले हे बरेचसे ठरले.

स्वदेशीच्या काळात येथे उत्साह उदंड होता, भांडवल तुटपुंजे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. कॉसमॉस बँक १९०६ सालची. आपल्या माणसाने कारखाना काढणे हे देशकार्यच, अशी समजूत याच सुमारास रुजली. मुळशीत तिची कसोटी लागली.

टाटांच्या वीज कंपनीने नीला-मुळा संगमाजवळ धरण बांधायला घेतले. पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिरा येथे नेऊन वीज करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी योजना होती. त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासेक गावे उठणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने जमीन खासगी कंपनीच्या हवाली केली. १९२१ च्या रामनवमीला मावळातल्या शेतकऱ्यांनी काम अडवले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती, आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा फुटला तो मात्र आतून. पुष्कळशा जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांना मोबदला रोख मिळत असेल तर हरकत नव्हती. ज्या कुळाची भाताची खाचरे बुडणार होती त्याच्या हाती द्यायला कागदच नव्हता. १९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला आणि धरण झाले. मुंबईला वीज मिळाली हा लाभ खराच. तो ज्यांच्या जमिनीवर उभा राहिला त्यांचा त्यात वाटा नव्हता, आणि मालक स्वदेशी असल्याने त्यात काही फरक पडला नाही.

स्वातंत्र्यानंतर पिंपरीत पहिला मोठा कारखाना आला तो सरकारी, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४). पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (१९६२) भूखंड, रस्ते, पाणी पुरवले. टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो यांच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने उभे राहिले. खासगी उद्योगाची ही गादी सरकारने घालून दिली होती, हे खुल्या बाजाराचे गोडवे गाताना विसरले जाते. लाभ मोठा झाला. मराठवाडा, खानदेश, सोलापूरकडून आलेला आयटीआय झालेला मुलगा कायम नोकरीत लागला की एका पगारावर घर, मुलांचे शिक्षण आणि गावाकडची मनीऑर्डर भागे. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये आजही दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दाराशी लोखंडी किसाचा ढीग एवढ्यावर कालचा कामगार मालक झालेला दिसतो. त्याचे दुखणेही तिथेच: मोठी कंपनी दर ठरवते, नापास ठरवलेल्या मालाचा तोटा त्याच्या माथी मारते, आणि कायदा जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या म्हणत असला तरी बिल कधी निघेल हे विचारायचीही त्याला चोरी.

उत्पादनाला सरकारी परवाना लागे त्या परवाना राज्यात स्पर्धा नसली की काय होते हे पुणेकरांनी स्कूटरवरून अनुभवले. बजाजच्या चेतक स्कूटरची नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे थांबत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याचा नंबर लवकर लागे आणि गाडी हाती पडताच चढ्या भावाने विकणारेही होते. १९९१ च्या उदारीकरणानंतर ही रांग संपली. गंमत म्हणजे विदेशी कंपन्यांपुढे समान संधी मागणाऱ्या १९९३ च्या ‘बॉम्बे क्लब’मध्ये राहुल बजाजच अग्रभागी होते. स्पर्धा उद्योगपतींनाही दुसऱ्याच्या धंद्यातच आवडते.

हिंजवडी, खराडी, हडपसरकडे आयटी आली तशी जमीन पुन्हा मध्यभागी आली. हडपसरच्या मगरपट्टा सिटीत सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास सलग जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात समभाग घेतले. २००० च्या सुमारास काम सुरू झाले. जमीन विकून मोकळे होण्याऐवजी शेतकरी भाडे आणि नफा खाणारा भागधारक झाला. भांडवलशाही लोकांना सामावून घेऊ शकते, याचा जिल्ह्यातला हा सर्वांत ठोस दाखला. मात्र त्याच वावरात खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईला त्यात समभाग मिळण्याचा प्रश्न नव्हता. एकीची ताकदही सातबारा असलेल्यांचीच. इतरत्र गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली आणि गुंठामंत्र्यांची एक पिढी तयार झाली. गळ्यात गोफ, दारात मोठी गाडी, आणि पैसा संपल्यावर आपल्याच जुन्या शेतात उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनची नोकरी, अशी उदाहरणे कुठल्याही उपनगरात ऐकायला मिळतात. पाण्याचेही तेच. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनी नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलन झाले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मरण पावले.

मजुरीच्या बाजूने पाहता कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली. टेल्कोचे कामगार सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि पोलिसांनी रात्रीतून त्यांना उचलले. पिंपरी पट्ट्यातल्या आक्रमक कामगार चळवळीला त्यानंतर उतार लागला. आता एकाच लाइनवर कायम, कंत्राटी आणि ट्रेनी शेजारी शेजारी तेच काम करतात, पगार मात्र तीन तऱ्हेचे. त्याहून खालची पायरी मजूर अड्ड्याची. वारज्यात किंवा डांगे चौकात सकाळी गवंडी थापी-ओळंबा घेऊन, बिगारी डबा घेऊन उभे असतात. ठेकेदार दुचाकी बंदही न करता हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, विचारतो. ऊन चढले की भाव उतरतो, कारण रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा पन्नास रुपये कमी परवडतात.

याला उत्तरेही येथेच शोधली गेली. डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत बांधली. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाने हमालाची मजुरी माथाडी मंडळाकडे भरायची आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस यांसाठी वर लेव्ही द्यायची, अशी पद्धत बसवली. कोणा एकाच्या नोकरीत नसलेल्या हमालाला यामुळे कायम कामगाराचे काही हक्क मिळाले. १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद घरोघरचा कचरा उचलतात, घरटी शुल्क घेतात आणि सुका माल विकण्याचा हक्क राखून असतात. भंगाराचा भाव दूरच्या बाजारांवर हलतो. पुठ्ठा-प्लास्टिक उतरले की त्या महिन्यात घरटी शुल्कावरच त्यांची चूल चालते. म्हणून ते द्यायला कुरकुरणारी सोसायटी त्यांच्या दृष्टीने भंगारवाल्यापेक्षा मोठी अडचण असते.