खुलासा: यीस्ट इन्फेक्शन पुरुषांनाही होतं
‘यीस्ट इन्फेक्शन बायकांनाच होतं, पुरुषाला झालं म्हणजे बाहेरचे संबंध,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ते खरं नाही. हे इन्फेक्शन करणारी कॅन्डिडा ही बुरशी निरोगी त्वचेवरही असते. शिश्नाच्या पुढच्या त्वचेखाली ओल साचली, अँटिबायोटिक्स घेतली किंवा रक्तातली साखर वाढली, की ती फोफावते: खाज, लाल चट्टे, दह्यासारखा पांढरा थर. संबंधातून ती कधी पसरते, पण तेवढ्यावरून कुणावर संशय घेणं अन्यायाचं आहे. शंका असेल तर डॉक्टर स्वॅब (कापसाच्या काडीने नमुना) घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जागा कोमट पाण्याने धुवा, साबण टाळा, टिपून कोरडी करा. १ टक्का क्लोट्रिमॅझोल क्रीम दिवसातून दोनदा, सहसा १ ते २ आठवडे, डॉक्टरांना विचारून लावा. स्टिरॉइड मिसळलेलं मलम दुकानातून परस्पर आणू नका. लाली दबते, बुरशी वाढते. पुन्हापुन्हा होत असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासाच. कधीकधी मधुमेह असा पहिल्यांदा कळतो.