सी-फोर आणि कॅम : एन्झाइम तेच, मग फरक कुठंय?

सी-फोर आणि कॅम म्हणजे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती. या दोन्हींत गोंधळ होणारच, कारण केमिस्ट्री जवळपास सेम आहे. दोन्हीकडे पेप कार्बोक्सिलेज हे एन्झाइम आधी कार्बन पकडतं, त्याचं चार कार्बनवालं आम्ल बनतं, आणि मग त्यातून कार्बन डायऑक्साइड परत सुटून रुबिस्कोकडे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या नेहमीच्या एन्झाइमकडे, जातो. म्हणजे नुसती रिअ‍ॅक्शन पाठ करून काही उपयोग नाही, ती कुठे होते आणि कधी होते ते बघायचं.

सी-फोरचा शोध उसाने लावून दिला असं म्हणायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियाचे बायोकेमिस्ट हॅल हॅच तेव्हा ब्रिस्बेनला साखर कंपनीच्या लॅबमध्ये होते, सोबत रॉजर स्लॅक. हवाईच्या ऊस संशोधकांचे विचित्र रिझल्ट १९६५ मध्ये छापून आले होते, त्याचा या दोघांनी पिच्छा पुरवला. उसाच्या पानाला रेडिओअ‍ॅक्टिव्ह कार्बन डायऑक्साइड द्यायचा, काही सेकंदांतच पान गरम अल्कोहोलमध्ये टाकून सगळं जागच्या जागी थांबवायचं, आणि मग कार्बन कुठल्या रसायनात गेलाय ते शोधायचं. प्रकाशसंश्लेषणाचा नेहमीचा मार्ग शोधणाऱ्या कॅल्विनच्या हिशोबाने तो आधी पीजीए या तीन कार्बनच्या आम्लात दिसायला हवा होता, पण दिसला मॅलेट आणि अस्पार्टेट या चार कार्बनवाल्यांमध्ये! १९६६ मध्ये त्यांनी नवा मार्गच मांडला. इथे काम दोन पेशींत वाटलेलं असतं, मेसोफिलमध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या हिरव्या पेशींत, पकडायचं आणि शिरेभोवतीच्या बंडल शीथ पेशींमध्ये सोडायचं, तेही दिवसाउजेडी. तिथे कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी होते की रुबिस्कोला चुकून ऑक्सिजन उचलायला फारसा चान्सच मिळत नाही.

कॅममध्ये पेशी एकच, वेळा दोन. अननस, निवडुंग वगैरे मंडळी पाणी वाचवायला रात्री पर्णरंध्रं उघडतात, मॅलिक आम्ल व्हॅक्यूओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, भरून ठेवतात आणि दिवसा रंध्रं बंद करून तेच वापरतात. हे ओळखायला तर सेकंदांचा हिशोबही नको, पहाटे आणि संध्याकाळी पानाची आम्लता मोजली की झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाईन यांनी भारतात पानफुटीचं पान नुसतं चाखून हे ओळखलेलं, सकाळी आंबट, दुपारी बेचव, आणि ते छापून आलं १८१५ मध्ये!

आता घोळची भाजी घ्या. एरवी पक्की सी-फोर, पण पाणी तुटलं की तीच कॅमही चालू करते, त्यामुळे तिला एका खान्यात बसवायच्या भानगडीत पडू नका.