वात की म्हातारचळ? बायपासनंतरचा डिलिरियम आणि डिमेन्शिया

बायपासनंतरच्या तिसऱ्या रात्री माझ्या वडिलांनी आयसीयूतल्या सिस्टरकडे सुट्टे पैसे मागितले. अण्णांनी ३२ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, आणि निवृत्त होऊनही १६ वर्षं झाली होती. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर टकटक आपटत होता, कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवतो तसा. डाव्या हातानं ते घंटीची दोरी समजून सलाईनची नळी चाचपत होते. सकाळी मी गेले तेव्हा मला ओळखून म्हणाले, "चहा घेतलास का गं?" दुपारी मी पुन्हा कुणीतरी विनातिकीट प्रवासी झाले होते. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या आत्यानं निकाल देऊन टाकला, "दादाला म्हातारचळ लागला गं. आता हे असंच चालायचं."

आत्या चुकली, पण तिला दोष देता येत नाही. वरवर पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. खरं तर जुन्या माणसांकडे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द होते. तापात माणूस बरळायला लागला की "वात झाला" म्हणायचे, आणि वयाबरोबर हळूहळू विसरायला, भलतंच वागायला लागला की म्हातारचळ. पहिला शब्द आता फारसा कानावर येत नाही. दुसरा तेवढा उरला, आणि गोंधळलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सरसकट चिकटवला जातो. डॉक्टरी भाषेत पहिला डिलिरियम, आणि दुसऱ्या शब्दाखाली बहुतेकदा दडलेला असतो तो डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश.

डिलिरियम या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमध्ये नांगराचा तास आहे, म्हणजे नांगरानं जमिनीत पडणारी रेघ. औत तास सोडून भरकटलं, तसं मन. मला हे फार पटतं. तास सुटला तरी बैल तेच असतात, नांगर तोच असतो, औत पुन्हा तासाला लावता येतं. डिमेन्शियात मात्र पावसाळ्यागणिक जमीनच धुपत जाते.

म्हणून पहिला प्रश्न एकच: कधीपासून? आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना डिमेन्शिया आहे. आधी एकच प्रश्न चारदा, मग आमटीत दोनदा मीठ, मग बँकेतून घरी यायचा रस्ता चुकणं. हे नेमकं कधी सुरू झालं ते त्यांच्या मुलाला आजही सांगता येत नाही. कुणी म्हणतं नातीच्या बारशाच्या आधी, कुणी म्हणतं नंतर. अण्णांचं मी तासासकट सांगू शकते. मंगळवारी संध्याकाळी सातपर्यंत ते शुद्धीत, नीट बोलत होते. रात्री अकराला नव्हते. डिलिरियम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात वरखाली होतो, बहुधा संध्याकाळनंतर वाढतो. डिमेन्शिया महिन्यांच्या, वर्षांच्या हिशेबानं येतो.

दुसरा फरक बारकाईनं पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. काकू आजही तांदळाची परात घेऊन अर्धा तास बसतात, एक खडा सुटत नाही. उठल्यावर दहा मिनिटांत विचारतात, "तांदूळ निवडायचे राहिलेत ना?" लक्ष जागेवर आहे, आठवण टिकत नाही. अण्णांचं उलटं होतं. डॉक्टरांनी त्यांना मराठी महिने शेवटाकडून मागे म्हणायला सांगितले. अण्णांनी सुरुवात केली, "फाल्गुन, माघ, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी..." आणि नजर खिडकीकडे गेली ती गेलीच. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे थांबे अगदी क्रमानं होते. स्मरण गेलं नव्हतं, धागा हातात राहत नव्हता. डिलिरियम म्हणजे आधी अवधान जाणं. बाकीचा गोंधळ त्याच्या मागून येतो.

डॉक्टर हेच पद्धतशीरपणे तपासतात. अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली पद्धत आजही जगभर वापरतात. बदल अचानक झाला आणि वरखाली होतो आहे, आणि लक्ष टिकत नाही, या दोन्ही गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला विस्कळीत बोलणं किंवा जागेपणात फरक, यांपैकी एक. यातलं "अचानक झाला" हे डॉक्टरला कोण सांगणार? त्यांनी या माणसाला गेल्या मंगळवारी पाहिलेलं नसतं. आपण पाहिलेलं असतं. "वय झालंय, होतं असं" हे ऐकून गप्प बसू नका. "आमचे अण्णा असे नाहीत, परवापर्यंत पेपर वाचून राजकारणावर वाद घालत होते," हे वाक्य रक्ताच्या रिपोर्टइतकंच कामाचं आहे.

हे वाक्य सर्वांत जास्त लागतं ते गप्प पडून राहणाऱ्या पेशंटसाठी. डिलिरियम म्हटलं की नळ्या उपटणारा, ओरडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण म्हाताऱ्या माणसांत अनेकदा तो मुका असतो. माणूस नुसता झोपून, विचारलं तर उशिरा एखादा शब्द, घास तोंडात तसाच. सगळ्यांना वाटतं, बरं आहे, शांत आहेत, आराम करताहेत. हा प्रकार हमखास निसटतो.

हृदयाच्या ऑपरेशननंतरच हे इतकं का होतं? हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फियात केली. पुढच्या बारा वर्षांत हा गोंधळ इतका दिसू लागला होता की १९६५ साली न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्यावर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं. मशीनच्या नळ्यांतून फिरताना रक्ताचा परक्या पृष्ठभागाशी संबंध येतो, त्यातून शरीरभर दाह उठतो. बारीक गुठळ्या किंवा हवेचे बुडबुडे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. रक्तदाब वरखाली होतो. त्यात भर पडते ती ऑपरेशननंतरच्या दिवसांची: दुखणं, दुखण्यावरची अफूच्या वर्गातली औषधं, कमी झालेलं सोडियम किंवा ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, अडलेली लघवी, साधा मलावरोध. आणि रात्रंदिवस जळणारे दिवे, मॉनिटरची टिंगटिंग, तासाला कुणीतरी उठवणं. कॉर्नफेल्ड यांनी तेव्हाच या जागेकडे आणि मोडलेल्या झोपेकडे बोट दाखवलं होतं.

अण्णांचं सोडियम उतरलं होतं, आणि "झोप येत नाही" म्हणून रात्री झोपेची गोळी दिली गेली होती. अल्प्राझोलाम, लोराझेपाम अशा गोळ्या म्हाताऱ्या माणसात डिलिरियम आणू शकतात, असलेला वाढवू शकतात. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांचंही तेच. पण जो माणूस अशी गोळी रोज घेत होता, किंवा रोज दारू घेत होता, त्याची ती अचानक तुटली तरीही दोन-चार दिवसांत डिलिरियम होतो, आणि त्याचे उपचार निराळे असतात. आपल्याकडे संध्याकाळचा पेग घरचे लपवतात. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना खरं सांगा, कृपा करून.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, शब्दच न फुटणं, हे दिसलं तर डिलिरियम की डिमेन्शिया या विचारात थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो, तिथल्या तिथे सिस्टरला हाक मारा.

अण्णांचा चष्मा, कवळी आणि कानातलं मशीन ऑपरेशनच्या आधी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिलं होतं. ती पिशवी चार दिवस घरी कपाटात होती. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला आपण विचारत होतो की तुम्ही कुठे आहात! पिशवी घरून आणून चष्मा, कवळी, मशीन परत लावलं, भिंतीवर मोठ्या अक्षरांत वार-तारीख लिहिली, दिवसा खुर्चीत बसवलं, रात्री दिवा मंद करायची विनंती केली, भेटायच्या वेळेत घरातल्या ओळखीच्या गोष्टी बोलत राहिले. हा नुसता घरगुती उपाय नाही. १९९९ साली इनोये यांनी ८५२ वयस्क पेशंट्सवर अशाच साध्या गोष्टींची योजना तपासली. नेहमीच्या सेवेत १५ टक्के जणांना डिलिरियम झाला, योजनेत ९.९ टक्के. ते पेशंट मेडिकल वॉर्डातले होते, ऑपरेशनचे नव्हते, पण वाटेत येणारे अडथळे तेच.

इथवर वाचून दोन्ही आजार अगदी वेगळ्या कप्प्यांत आहेत असं वाटेल, तर तसं नाही. ज्याला आधीच डिमेन्शिया आहे त्याला डिलिरियमचा धोका सर्वांत जास्त; उद्या काकूंना लघवीचा संसर्ग झाला आणि त्या एका रात्रीत बिघडल्या, तर तो डिमेन्शियावर चढलेला डिलिरियम असू शकतो. "त्यांचं असंच असतं" म्हणून सोडता येणार नाही. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात तर दिवसागणिक चढउतार आणि भासही असतात, तिथे तज्ज्ञही सावधपणे बोलतात. आणि डिलिरियम ओसरला म्हणजे सगळं पुसलं गेलं, असंही नसतं. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या, साठी ओलांडलेल्या २२५ जणांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०३ जणांना डिलिरियम झाला. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ४० टक्के बौद्धिक चाचणीत आपल्या आधीच्या पातळीला पोचले नव्हते. डिलिरियम न झालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के. वर्षभरानं आकडे ३१ आणि २० होते, आणि हा फरक संख्याशास्त्रानं ठाम म्हणण्याइतका उरला नव्हता. म्हणजे बहुतेक माणसं परततात, काहींना वेळ लागतो, काही पूर्ण परतत नाहीत. वॉर्डातल्या त्या चार दिवसांवरून डिमेन्शियाचा शिक्का मारायचा नाही, घरातले मोठे निर्णय करायचे नाहीत. काही महिन्यांनीही विसरणं टिकलं तर स्मरणशक्तीची तपासणी नक्की करायची.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. डिलिरियममधलं पेशंटला पुष्कळदा आठवतं. अण्णा दोन महिने त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी गॅलरीत बसलेले असताना म्हणाले, "गाडी भरलेली होती, अंधार होता, आणि घंटी सारखी वाजत होती. मी ओढत नव्हतो तरी. मला वाटलं, माझं डोकं फिरलं." मी त्यांना सांगितलं की ती घंटी मॉनिटरची होती, रक्तातलं मीठ उतरलं होतं, वर झोपेची गोळी होती, आणि या आजाराला नाव आहे. त्यांनी बराच वेळ अंगठ्यानं खुर्चीची वेत चाचपली.

"किती दिवस होतो मी तसा?"

"चार," मी म्हणाले.