आरएसव्हीचं महाग इंजेक्शन आणि त्यामागचा जुना हिशेब

दिवाळी झाली, इंदूरात गारठा वाढला की मुलांच्या डॉक्टरांकडे छाती घरघरणाऱ्या बाळांची लाइन लागते, आणि घरात कोणाचं सातव्या महिन्यात झालेलं बाळ असलं की आरएसव्ही, म्हणजे बाळांची छाती धरणाऱ्या व्हायरसपासून वाचवायच्या इंजेक्शनचा विषय निघतोच, एवढा पैसा घालावा का म्हणून. हा वाद आजचा नाही.

हा व्हायरस 1956 च्या सुमारास आधी चिंपांझींमध्ये सापडला, मग बाळांमध्ये. साठच्या दशकात अमेरिकेत लस करून बघितली तर उलटंच, लस दिलेली बाळंच जास्त आजारी पडली, दोन दगावली, आणि पुढे कितीतरी वर्षं बाळांच्या लसीला हात लावायला कोणी धजेना. म्हणून मग तयार अँटीबॉडीच, म्हणजे व्हायरसला अडवणारी प्रथिनं, टोचायची. 1998 मध्ये अमेरिकेत पॅलिविझुमॅब नावाच्या अशा अँटीबॉडीला मंजुरी मिळाली.

मेख इथे आहे. तिच्या ट्रायलमध्ये 1502 मुलं, आरएसव्हीमुळे अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण 10.6 टक्क्यांवरून 4.8 वर आलं. निम्म्याहून कमी, झकास! पण तेच उलटं मांडा, एक अ‍ॅडमिशन टाळायला साधारण 17 बाळांना टोचावं लागतं, तेही सीझनभर दर महिन्याला, पाच डोस, आणि मृत्यू कमी झाल्याचं त्या ट्रायलमध्ये काही ठळक दिसलं नाही. मग परवडतं की नाही यावर तज्ज्ञांची उत्तरं जुळेनात, कारण अ‍ॅडमिशनचा खर्च किती धरला, पुढची घरघर मोजली का, आईबाबांचा बुडालेला रोज धरला का, सगळं त्यावरच. शेवटी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्ये इंजेक्शन कोणाला द्यायचं ती यादीच छाटली, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा त्रास नसेल तर फक्त 29 आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं.

आता निर्सेविमॅब ही नवी अँटीबॉडी आलीय, युरोपात 2022, अमेरिकेत 2023, एकच डोस. त्याच वर्षी तिकडे गरोदर बाईला द्यायची लसही आली. पाच चकरांची एक झाली म्हणजे गणित बदलणारच, फक्त किंमत काय लावतात ते बघायचं.

मला खटकतं ते वेगळंच. 2019 च्या एका जागतिक अंदाजात पाच वर्षांखालचे साधारण एक लाख मृत्यू आरएसव्हीचे धरलेत, त्यातले 95 टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम देशांतले, आणि हिशेबाची पद्धत मात्र बहुतेक श्रीमंत देशांतल्या बिलांवर घडलेली. खरगोनहून बाळ घेऊन इंदूरला आलेल्या माणसाचं बिल म्हणजे फक्त हॉस्पिटलचं नसतं, जीपचं भाडं, राहणं-जेवण, व्याजाने काढलेले पैसे, घरी शेजाऱ्यांकडे सोडलेलं दुसरं पोर. या रकमा कुठल्या रकान्यात जातात ते आधी विचारायला हवं.