अ‍ॅरे केवढा घ्यायचा?

फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना प्रोग्रॅम उघडला की वरच कुठेतरी एक आकडा दिसतो: जास्तीत जास्त नोंदी १०००. हा आकडा कुठल्या सूत्रातून आलेला नसतो, लिहिणाऱ्याने अंदाजाने ठोकलेला असतो. १९५७ साली आयबीएम ७०४ यंत्रासाठी फोरट्रान आली. तिथपासून थेट फोरट्रान-७७पर्यंत अ‍ॅरेचा, म्हणजे संख्या ठेवायच्या घरांच्या रांगेचा, आकार कंपाइल करतानाच (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतानाच) पक्का करावा लागे. नोंदी दोनशेच निघाल्या तर बाकीची जागा फुकट. १००१ निघाल्या तर आकडा बदला, पुन्हा कंपाइल करा. अल्गोल-६० या दुसऱ्या भाषेत मात्र प्रोग्रॅम चालू असताना आकार ठरवता येत होता!

तरी फोरट्रानचा हट्ट अगदीच बिनबुडाचा नव्हता. अ‍ॅरेची घरं मेमरीत एकमेकांना चिकटून असतात. प्रत्येक संख्या ८ बाइटांची असेल, तर पाचशेवी संख्या सुरुवातीपासून ४९९ × ८ म्हणजे ३९९२ बाइटांवर सापडणारच. एक गुणाकार, एक बेरीज. सुरुवातीचा पत्ताही आधीच ठरलेला असेल तर कंपायलरचं काम आणखी हलकं.

फोरट्रान-९०ने 'अ‍ॅलोकेटेबल' अ‍ॅरे आणले. आधी फक्त मिती किती (एकच रांग की आडवा-उभा तक्ता) ते सांगायचं, आकार 'अ‍ॅलोकेट' म्हणताना. ही जागा सहसा हीपमधून, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मागून घ्यायच्या मेमरीतून येते, आणि ते बरंच आहे. लिनक्सवर स्टॅकची, म्हणजे तात्पुरत्या गोष्टींसाठीच्या मेमरीची, मर्यादा बहुधा ८ मेगाबाइट असते. ८ बाइटांच्या संख्यांचा १००० × १००० तक्ता एकटाच ८० लाख बाइट खातो.

पण फाइलमध्ये ओळी किती, हेच माहीत नसेल तर? भरलेला अ‍ॅरे जागच्या जागी वाढेलच असं नाही, शेजारची जागा दुसऱ्या कुणीतरी अडवलेली असते. मग नवा, मोठा अ‍ॅरे घ्या आणि जुन्यातलं सगळं त्यात उतरवा. दर नोंदीला एकच घर वाढवलं, तर १ लाख नोंदींपायी जवळपास ५०० कोटी वेळा संख्या उतरवाव्या लागतात. त्याऐवजी एका घरापासून सुरुवात करून, भरला की दुप्पट केला तर? १,३१,०७१ वेळा. मी ही बेरीज कागदावर दोनदा करून पाहिली, तेव्हा पटली.

अर्थात शेवटी ३१,०७२ घरं रिकामी राहतात, आणि शेवटच्या उतरवणीच्या वेळी जुना नि नवा दोन्ही अ‍ॅरे मेमरीत बसलेले असतात.