थांबलेली फिट, निसटणारी नजर

‘फिट्स थांबल्या ना, मग झालं!’ अपस्मार असलेल्या मुलांच्या घरात हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. त्यातला सुटकेचा सुस्कारा समजण्यासारखा आहे, पण वाक्य पूर्ण खरं नाही.

बालपणीच्या ‘ॲब्सेन्स’ प्रकारच्या अपस्मारात मूल पडत नाही, हातपायही झटकत नाही. बोलता बोलता थांबतं, दहा-वीस सेकंद शून्यात बघतं आणि जणू काही घडलंच नाही असं पुढे सुरू करतं. वर्गात याला ‘तंद्री’ म्हणतात. अमेरिकेत अशा शेकडो मुलांवर तीन औषधांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यांतल्या इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट यांनी फिट्स साधारण सारख्याच आटोक्यात आणल्या, पण लक्ष टिकवण्याच्या अडचणी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत जास्त आढळल्या. शिवाय सुमारे एकतृतीयांश मुलांना ही अडचण औषध सुरू होण्याआधीपासूनच होती आणि फिट्स थांबल्यावरही ती अनेकांत टिकून राहिली. (हे वाचून कुणीही मुलाचं औषध परस्पर बंद करू नये. ते डॉक्टरांशीच बोलावं.)

मग लक्ष मोजायचं कसं? लेखी चाचणीला वाचता-लिहिता यावं लागतं. नजर मोजायला तेवढं लागत नाही. पडद्याखालून डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. बुबुळावर त्याचा एक चकाकता ठिपका पडतो. डोळ्यातल्या काळ्या बाहुलीचा मध्य त्या ठिपक्यापासून किती सरकला, यावरून मूल पडद्यावर कुठे बघतंय ते कळतं. काही कॅमेरे सेकंदाला हजार वेळा ही नोंद घेतात. तेवढी गरज आहेच, कारण आपली नजर सरपटत नाही, उड्या मारते. सेकंदाला साधारण तीन उड्या, आणि वाचतानाची एकेक उडी सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास आटपते. या उड्यांना ‘सॅकेड’ म्हणतात.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. टोरंटोच्या पीटर हॅलेट यांनी ती १९७८ मध्ये मांडली. पडद्याच्या मध्यावर बघत राहायचं. उजवीकडे ठिपका चमकला की डावीकडे बघायचं, डावीकडे चमकला की उजवीकडे. एवढंच. करून बघा, निरोगी मोठी माणसंही मधूनमधून चुकतात.

का चुकतात? मेंदूच्या मध्यभागी ‘सुपीरियर कोलिक्युलस’ नावाची छोटी उंचवट्यांची जोडी आहे. काही चमकलं की ‘तिकडे बघ’ हा हुकूम तिथून सुटतो. पण खाली ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’मधल्या पेशी तिला एरवी सतत दाबून ठेवतात, उतारावरच्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवावा तशा. नजर हलवायची असते तेव्हा मेंदूत खोलवर असलेल्या ‘कॉडेट’ या भागातल्या पेशी या दाबणाऱ्या पेशींनाच क्षणभर गप्प करतात. म्हणजे रोधाचाच रोध! कपाळामागचा मेंदू या साखळीवर वरून नियंत्रण ठेवतो. उलट बघताना त्याला एकाच वेळी दोन कामं करायची असतात: ठिपक्याकडची उडी रोखायची आणि दुसऱ्या दिशेची नवी उडी रचायची. नवी उडी तयार होण्याआधीच ब्रेक सुटला, की नजर ठिपक्याकडे जाते.

कपाळामागच्या भागाचा हा वाटा समजला, तो अपस्माराच्याच रुग्णांमुळे. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्ससाठी या भागाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागलेल्या रुग्णांना कॅनडातल्या गिटन आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी दिली. नजर आवरणं त्यांना फार अवघड गेलं. ते संशोधन १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं.

मुलांच्या नोंदीत चुकांइतकीच त्यांची दुरुस्ती बघावी. नजर ठिपक्याकडे गेली आणि लगेच स्वतःहून उलट फिरली, तर मुलाला नियम कळला होता, फक्त आवरता आलं नाही. ‘समजत नाही’ आणि ‘आवरत नाही’ यांतला हा फरक प्रगतिपुस्तकात दिसत नाही. उड्यांचा वेग आणखी वेगळं सांगतो. डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या गटातल्या औषधांनी तो मंदावतो, म्हणून मूल सुस्त दिसत असेल तर त्यात औषधाचा भाग किती, याचा अंदाज घ्यायला ही नोंद उपयोगी पडू शकते.

मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मुलाला बसवून ‘अपस्मार ओळखा’ असं कुणी म्हणत असेल तर पैसे देऊ नका. अपस्माराचं निदान फिटच्या नेमक्या वर्णनावरून आणि ईईजीसारख्या (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) तपासण्यांच्या आधारे होतं. नजरेची नोंद त्यानंतरच्या प्रश्नांसाठी आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याबद्दलही तेवढंच स्पष्ट सांगतो: बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून चपलेने गुण आला असं वाटतं. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर थेट रुग्णालयात न्या.

नजरेच्या आकड्यांनाही वय असतं. नजर आवरण्याची ही क्षमता किशोरवयापर्यंत पिकत जाते, त्यामुळे सहा वर्षांचं निरोगी मूलही या चाचणीत भरपूर चुकतं. त्याची तुलना मोठ्यांशी नाही, सहा वर्षांच्याच मुलांशी व्हायला हवी. त्याहून बरं म्हणजे औषध बदलण्याआधीची त्याची स्वतःचीच नोंद शेजारी ठेवावी, आणि आदल्या रात्री फिट आली होती का, झोप झाली होती का, हे तिच्यावर लिहून ठेवावं.